चंद्राची उष्णता मोजण्याचे प्रयत्न : मानव व यंत्र यांच्या कार्याची तुलना

अवकाशाचे संशोधन मानवाने स्वतः तेथे जाऊन करावे की यंत्रे पाठवून करावे, हा वाद अवकाशयुगाइतकाच जुना आहे. पृथ्वीभोवतालच्या प्रारणपट्ट्यांचा शोध ज्यांच्या उपकरणांमुळे १९५८ मध्ये लागला, ते जेम्स व्हॅन ॲलन मानवी उड्डाणांचे अखेरपर्यंत कठोर टीकाकार राहिले. उलटपक्षी, ब्रिटिश ग्रहवैज्ञानिक इयन क्रॉफर्ड यांनी २०१२ मध्ये यंत्रांच्या कार्यक्षमतेविषयीची रूढ समजूत हा एक भ्रम आहे, असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांजवळ आधार आहेत. परंतु बहुधा असे होते की, एक पक्ष अपोलोने आणलेल्या खडकांकडे बोट दाखवितो, तर दुसरा व्हॉयेजर यानांनी पाहिलेल्या दूरच्या ग्रहांकडे. विजातीय गोष्टींची अशी तुलना केल्याने वादाचा निर्णय लागणे कठीण होते.

यावर एक उपाय असा की, मानवाने व यंत्राने दोघांनीही जी एकच मोजणी करण्याचा प्रयत्न केला, ती घ्यावी आणि प्रत्येकाला यश कोठे आले व अपयश कशामुळे आले, हे क्रमाने पाहावे. अशी मोजणी उपलब्ध आहे. ग्रहाच्या अंतर्भागातून पृष्ठभागाकडे येणाऱ्या उष्णतेचा प्रवाह मोजण्यासाठी त्याच्या भूमीत तापमापक रोवणे, ही ती मोजणी होय. प्रस्तुत लेखात तिचा इतिहास सांगून त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांचा विचार केला आहे.

१. मोजावयाचे काय?

कोणत्याही खडकाळ गोलाच्या पोटात दोन प्रकारची उष्णता असते. एक, त्याच्या जन्मकाळची शिल्लक; आणि दुसरी, युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गामुळे सतत निर्माण होणारी. ही उष्णता सावकाश बाहेर पडत असते. तिचे प्रमाण कळले म्हणजे अंतर्भागात किरणोत्सर्गी द्रव्ये किती असावीत याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावरून तो गोल कोणत्या द्रव्यापासून व कसा घडला, या मूळ प्रश्नाकडे वळता येते.

मोजणीचे तत्त्व सोपे आहे. जमिनीत दोन वेगवेगळ्या खोलींवर तापमान मोजावे, त्यावरून दर मीटरला तापमान किती वाढते ते काढावे आणि त्यास तेथील मातीच्या उष्णतावाहकतेने गुणावे. हा गुणाकार म्हणजे उष्णताप्रवाह. पृथ्वीवर भूजलाचे वहन आणि पूर्वकालीन हवामानातील बदल यांचा परिणाम टाळण्यासाठी पुष्कळ खोल जावे लागते. आपल्याकडे कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये पूर्ण झालेले छिद्र ३ किलोमीटर खोल आहे. चंद्रावर हवा नाही व भूजलही नाही, त्यामुळे तेथे दोन-तीन मीटर खोली पुरते.

तथापि या दोन-तीन मीटरांना पर्याय नाही. चंद्राच्या विषुववृत्ताजवळील प्रदेशात दिवस व रात्र यांच्या तापमानात सुमारे २८० अंशांचे अंतर पडते, आणि आतल्या उष्णतेमुळे होणारी वाढ दर मीटरला केवळ एक-दोन अंशांची असते. वरचा हा प्रचंड चढउतार मातीच्या अल्प वाहकतेमुळे खाली झपाट्याने क्षीण होतो व सुमारे ८० सेंटिमीटरांखाली दैनिक बदल जवळजवळ जाणवत नाही. म्हणून मापनशलाका किमान एक मीटर, आणि शक्य तर दोन-तीन मीटर, खाली गेलीच पाहिजे. अवघड भाग आहे तो छिद्र पाडण्याचा.

२. अपोलो मोहिमांचा अनुभव

कोलंबिया विद्यापीठातील मार्कस लँगसेथ यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग अपोलो मोहिमांसाठी सिद्ध करण्यात आला. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ बरोबर तो प्रथम निघाला. परंतु वाटेत झालेल्या स्फोटामुळे ते यान चंद्रावर उतरूच शकले नाही.

दुसरा प्रयत्न १९७१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या वेळी झाला. डेव्हिड स्कॉट यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलने छिद्र पाडावयास आरंभ केला. ठरलेली खोली सुमारे ३ मीटर होती. पण त्याच्या निम्म्याच्या आसपास पोहोचल्यावर ड्रिल पुढे जाईना. कारणे दोन होती. खालची माती अपेक्षेहून फारच घट्ट दाबलेली होती. शिवाय ड्रिलच्या नळीवरील मळसूत्री खाचा नळीचे तुकडे जेथे जोडले जातात तेथे तुटक झाल्या होत्या. त्यामुळे कोरलेली माती वर येण्याऐवजी तेथेच तुंबून बसे. त्याच मोहिमेत मातीचा उभा नमुना घेण्यासाठी रोवलेली दुसरी नळी इतकी अडकली की, स्कॉट व जेम्स आयर्विन या दोघांनी मिळून सर्व बळ लावल्यावरच ती बाहेर आली. उष्णताप्रवाहाच्या शलाका उथळ राहिल्या. तरी मोजणी झाली. परग्रहाच्या भूमीतून आलेली ही पहिलीच अशी मोजणी होती.

पुढील मोहिमेपूर्वी नळीची रचना बदलण्यात आली. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या वेळी चार्ल्स ड्यूक यांनी नव्या नळीने पहिले छिद्र ठरलेल्या खोलीपर्यंत विनासायास पाडले. सुधारणा योग्य होती हे सिद्ध झाले. परंतु त्याच सुमारास जॉन यंग यांचा पाय प्रयोगाच्या केबलमध्ये अडकला आणि ती मध्यवर्ती केंद्राजवळच्या जोडापाशी तुटली. फुगलेल्या, ताठर पोशाखात स्वतःची पावले दिसत नाहीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दुरुस्तीचा विचार झाला. परंतु चंद्रावरील मोजक्या तासांतून तिला वेळ देणे शक्य झाले नाही, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला.

अखेरीस डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या वेळी यूजीन सर्नन यांनी दोन्ही छिद्रे सुमारे अडीच मीटर खोलीपर्यंत नेली व शलाका योग्य जागी बसल्या. वर्षानुवर्षांच्या नोंदींच्या आधारे लँगसेथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये जे सुधारलेले आकडे दिले ते असे : अपोलो १५ च्या जागी दर चौरस मीटरला २१ मिलिवॉट आणि अपोलो १७ च्या जागी १६ मिलिवॉट. पृथ्वीची सरासरी सुमारे ९० मिलिवॉट आहे. चंद्रासंबंधीच्या असंख्य गणितांत आजही हे दोन आकडे वापरले जातात.

या कथेस एक उत्तरार्ध आहे. मोजणी चालू असताना दोन्ही ठिकाणी जमिनीचे तापमान वर्षानुवर्षे सावकाश वाढत असल्याचे आढळले होते, व त्याचे कारण दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. १९७५ ते १९७७ या काळातील हरवलेल्या चुंबकीय फितींचा शोध घेऊन त्यांवरील नोंदी पुन्हा वाचण्यात आल्या, आणि २०१८ मध्ये नागिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष मांडला की, अंतराळवीरांच्या पावलांनी व गाडीच्या चाकांनी वरची माती विस्कटली, तेथील भूमी किंचित काळसर झाली, ती सूर्याची उष्णता अधिक शोषू लागली आणि तो परिणाम हळूहळू खाली उतरला. मोजणाऱ्याच्या उपस्थितीने मोजावयाची वस्तूच बदलली, असे हे उदाहरण आहे.

३. यंत्रांचा अनुभव

नोव्हेंबर २०१४ मध्ये फिली हे युरोपीय यान चुर्युमोव्ह-गेरासिमेंको या धूमकेतूवर उतरले. त्यावरील तापमापक शलाका ठोकून आत घालावयाची होती. परंतु पृष्ठभाग अपेक्षेहून पुष्कळच कठीण निघाला व ती आत शिरू शकली नाही.

याहून बोधप्रद प्रयत्न इनसाइट यानाचा आहे. हे यान २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मंगळावर उतरले. जर्मनीत तयार झालेली सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची एक ‘चिचुंद्री’ त्यावर होती. तिने आतल्या हातोड्याच्या ठोक्यांनी स्वतःच जमिनीत शिरत जावे आणि मागे तापमापकांची पट्टी ओढून न्यावी, अशी योजना होती. अपेक्षित खोली ३ ते ५ मीटर होती. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस ठोकण्यास आरंभ झाला आणि चिचुंद्री थोड्याच खोलीवर अडली. तिला प्रत्येक ठोक्याचा मागे येणारा धक्का आजूबाजूच्या मातीच्या घर्षणाने पेलावयाचा होता. त्या ठिकाणची माती मात्र चिकटून कवच धरणारी निघाली. तिच्यात छिद्राभोवती पोकळी राहू लागली व पुरेसे घर्षण मिळेना. पृथ्वीवरील अभियंत्यांनी यानाच्या यांत्रिक बाहूने चिचुंद्रीस बाजूने दाबून पाहिले, वरून रेटून पाहिले, माती लोटून पाहिली. प्रत्येक उपाय प्रथम पृथ्वीवरील प्रतिकृतीवर आजमावून, मग आज्ञा पाठवून, मग छायाचित्रांची वाट पाहून करावा लागे. जानेवारी २०२१ मध्ये, ती जेमतेम पृष्ठभागाखाली गेली असता, प्रयत्न थांबविण्यात आले. मंगळाचा उष्णताप्रवाह अद्याप प्रत्यक्ष मोजला गेलेला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. त्यावरील ‘चास्टे’ या उपकरणाने दहा तापमापकांची शलाका १० सेंटिमीटर खोल घातली. येथे हातोड्याऐवजी मोटरने सावकाश दाबण्याची पद्धत योजली होती, आणि ती यशस्वी झाली. ही खोली उष्णताप्रवाहासाठी पुरेशी नाही, व तसा हेतूही नव्हता. ध्रुवाकडील मातीच्या वरच्या थराचे औष्णिक स्वरूप हा प्रश्न होता. त्याचे उत्तर अनपेक्षित मिळाले. सूर्याकडे किंचित कललेल्या उतारावर कमाल तापमान सुमारे ८२ अंश सेल्सिअस, तर जवळच्याच सपाट जागी सुमारे ५९ अंश असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावरून दिसते. काही अंशांच्या उताराने एवढा फरक पडत असेल, तर सूर्याकडे पाठ असलेल्या मोठ्या उतारांवर अल्प खोलीवर बर्फ टिकून राहण्याचा संभव वाढतो.

मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट हे खाजगी यान मारे क्रिसियम या मैदानावर उतरले. त्यावरील ‘लिस्टर’ या उपकरणाने वायूच्या झोताने माती उडवीत शलाका सुमारे ३ फूट खोल नेली. यंत्राने परग्रहावर तापमापक इतका खोल नेण्याची ही पहिलीच वेळ. अपोलोच्या फिती पुन्हा वाचणारे नागिहारा हेच या उपकरणाचे प्रमुख शास्त्रज्ञ आहेत.

४. तुलनेतून काय निष्पन्न होते?

खोलीचा आकडा घेतला तर १९७२ मधील मानव २०२५ मधील यंत्राच्या पुढे आहे. परंतु एवढ्यावरून निर्णय देणे घाईचे होईल. यशाची व अपयशाची कारणे सुटी करून पाहिली पाहिजेत.

पहिली गोष्ट, अडचणीचे निदान. ड्रिल अडले हे स्कॉट यांना हाताला बसणाऱ्या हिसक्यांवरून तत्काळ कळले. इनसाइटच्या बाबतीत मातीचे स्वरूप कळण्यासच अनेक महिने गेले. मंगळावरील संदेश एका दिशेने पोहोचण्यास सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, हे त्याचे एक कारण. पण मुख्य कारण विलंब हे नव्हे, ज्ञानेंद्रियांची दरिद्रता हे होय. यंत्राच्या अंगी जेवढ्या संवेदना आपण आधी बसवू, तेवढ्याच त्याला असतात. ज्या अडचणीची कल्पना केलेली नसते तिच्यासाठी संवेदनाही बसविलेली नसते.

दुसरी गोष्ट मात्र मानवपक्षाच्या समर्थकांच्या नजरेतून सुटते. निदान झाले तरी स्कॉट यांना तेथे त्यावर उपाय करता आला नाही. दोष नळीच्या घडणीत होता, व तो पृथ्वीवरील कारखान्यातच दूर झाला. अपोलो १७ चे यश हे मानवी हाताइतकेच पुन्हा संधी मिळण्याचे यश आहे : एकच प्रयोग तीन वर्षांच्या आत चार वेळा पाठविण्यात आला. चिचुंद्रीस दुसरी संधी मिळाली नाही. ठोकण्याऐवजी दाबणे, दाबण्याऐवजी झोताने माती उडविणे, अशी सुधारणा यंत्रांतही होत गेली. फक्त ती निरनिराळ्या देशांच्या निरनिराळ्या यानांतून, वर्षांच्या अंतराने झाली. म्हणून मानव विरुद्ध यंत्र असा जो भेद आपण पाहतो, त्याचा बराचसा भाग वस्तुतः सलग कार्यक्रम विरुद्ध तुटक कार्यक्रम असा आहे.

तिसरी गोष्ट, दीर्घकाळाचे निरीक्षण. अपोलोच्या शलाका मानवाने रोवल्या. पण त्यांच्या नोंदी मानव परतल्यावर यंत्रांनी सप्टेंबर १९७७ पर्यंत पाठविल्या. अल्प काळच्या नोंदींवरून काढलेले प्रारंभीचे आकडे बरेच अधिक होते. ते खाली आले ते या दीर्घ निरीक्षणामुळेच. इनसाइटवरील भूकंपमापकानेही, चिचुंद्री अयशस्वी झाली असता, २०२२ पर्यंत १,३०० हून अधिक मंगळकंप नोंदले व त्या ग्रहाच्या गाभ्याचा आकार ठरविण्यास साहाय्य केले. ज्या कामात धीराने ऐकत राहावयाचे असते, त्यात मानवाच्या उपस्थितीने काही भर पडत नाही. विस्कटलेल्या मातीचे उदाहरण पाहता, क्वचित बाधाच येते.

चौथी गोष्ट, स्थानांची संख्या. मानवाने मिळविलेले दोन्ही आकडे चंद्राच्या पृथ्वीकडील बाजूचे आहेत, आणि दोन्ही जागा थोरियमचे प्रमाण विशेष असलेल्या प्रदेशात किंवा त्याच्या जवळ आहेत. संपूर्ण चंद्राची सरासरी त्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी चंद्राच्या मागील बाजूस व ध्रुवांजवळ अनेक ठिकाणी मोजणी हवी. आणि इतक्या ठिकाणी मानव पाठविणे कोणत्याही राष्ट्रास परवडणारे नाही.

खडकांच्या नमुन्यांच्या बाबतीतही चित्र असेच आहे. सहा अपोलो मोहिमांनी ३८२ किलोग्रॅम नमुने आणले. सोव्हिएट संघाच्या तीन स्वयंचलित लूना यानांनी मिळून सुमारे एक तृतीयांश किलोग्रॅम. अपोलो १७ च्या वेळी भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांच्या नजरेस नारिंगी माती पडली व ती त्यांनी उचलली. त्या ज्वालामुखीजन्य काचकणांत पाण्याचा अंश असल्याचे सुमारे चार दशकांनी सिद्ध झाले. सुशिक्षित नेत्राने केलेल्या निवडीचे मोल यावरून कळते. परंतु सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वीचा, म्हणजे अपोलोच्या नमुन्यांहून पुष्कळ अलीकडचा, बेसॉल्ट आणला तो चीनच्या चांग-अ ५ या यंत्राने, २०२० मध्ये. आणि चंद्राच्या मागील बाजूची माती प्रथम आणली ती चांग-अ ६ ने, २०२४ मध्ये. मानवाने अधिक आणले. यंत्राने जेथे मानव गेला नाही तेथून आणले.

५. खर्च, धोका व आपल्यापुढील प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात खर्चाचा व धोक्याचा विचार केलेला नाही. अपोलो कार्यक्रमास त्या काळचे सुमारे २५ अब्ज डॉलर लागले. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता. धोक्याविषयी बोलावयाचे तर, १९८६ मध्ये चॅलेंजर व २००३ मध्ये कोलंबिया या यानांच्या अपघातांत प्रत्येकी सात जणांनी प्राण गमावले. दुसऱ्या अपघातात कल्पना चावला होत्या. मंगळाच्या बाबतीत क्युरिऑसिटी यानाने प्रवासात केलेल्या मोजणीवरून, केवळ जाण्यायेण्यातच सुमारे ०.६६ सीव्हर्ट प्रारण शरीरास सोसावे लागेल, असा अंदाज आहे. नासाने २०२२ मध्ये अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ०.६ सीव्हर्टची आहे. शिवाय मानवाबरोबर सूक्ष्मजीव अटळपणे जातात. ज्या मंगळावर आपणांस मूळच्या जीवांचा शोध घ्यावयाचा आहे, तेथे ही बाब चंद्रावरील विस्कटलेल्या मातीहून कितीतरी गंभीर ठरेल.

हा प्रश्न आता आपल्याही देशापुढे प्रत्यक्ष उभा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून त्याची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपये केली. त्यात भारतीय अंतराळस्थानकाच्या पहिल्या भागाचाही समावेश आहे. त्याच वेळी चंद्रावरून नमुने आणणाऱ्या चांद्रयान-४ या स्वयंचलित मोहिमेस सुमारे २,१०४ कोटी रुपये मंजूर झाले. २०४० पर्यंत भारतीय मानव चंद्रावर उतरावा, असे उद्दिष्टही घोषित झाले आहे.

केवळ वैज्ञानिक फलाच्या तराजूत तोलले तर मानवी उड्डाणाचे समर्थन होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अपोलोचेही तसे समर्थन कोणी केले नव्हते. ती मोहीम राष्ट्रांच्या स्पर्धेतून निघाली व विज्ञानाने तिच्यात आपली जागा मिळविली. लँगसेथ यांचे दोन आकडे हे त्या जागेचे फळ आहे. राष्ट्रे मानवास अवकाशात पाठवितात ती प्रतिष्ठा, तांत्रिक सामर्थ्य व दूरच्या भविष्याची आकांक्षा यांसाठी. ही कारणे क्षुद्र नव्हेत; पण ती त्यांच्या खऱ्या नावाने सांगितली पाहिजेत. त्यांना विज्ञानाचा वेष चढविला, तर विज्ञानाच्या वाट्याचा पैसा कमी झाल्यावर तक्रार करण्याचा अधिकारही आपण गमावून बसतो.

यावरून कार्याची दिशा पुरेशी स्पष्ट होते. विस्तृत प्रदेशातील व दीर्घकालीन मोजण्या यंत्रांकडेच सोपवाव्यात; मात्र एकाच प्रकारचे उपकरण सुधारून पुन्हा पुन्हा पाठविण्याची तरतूद आरंभापासूनच असावी, कारण पहिल्या प्रयत्नात परग्रहाची माती आपल्या कल्पनेप्रमाणे वागत नाही, हे वरील अनेक उदाहरणांत दिसून आले. मानव जाणारच असेल, तर त्याच्या मोजक्या तासांत नमुन्यांची निवड व उपकरणांची मांडणी हीच कामे ठेवावीत, आणि त्यासाठी प्रशिक्षित भूवैज्ञानिकास स्थान मिळावे. सहा अपोलो मोहिमांतून चंद्रावर उतरलेल्या बारा जणांत असा एकच होता. चंद्राच्या मागील बाजूचा उष्णताप्रवाह अद्याप मोजावयाचा आहे. ते उपकरण कोठल्या तरी प्रयोगशाळेत तयार होईल; ते आपल्या देशातील प्रयोगशाळेत व्हावे, आणि त्याच्या आराखड्यास आरंभ करताना १९७१ मधील अडलेल्या ड्रिलच्या व २०१९ मधील अडलेल्या चिचुंद्रीच्या नोंदी प्रथम वाचल्या जाव्यात, एवढी अपेक्षा येथे व्यक्त करणे अप्रस्तुत होणार नाही.